अंगठी घालून आत येऊ नये

"अंगठी काढा आणि मग आत या," ताहेरने मान वर न करता सांगितलं.

"अहो, ती निघत नाही म्हणून तर आलोय!" प्रभाकर ओरडले.

पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत ताहेरचं छोटंसं वर्कशॉप होतं. दारातच जमिनीवर जाड पिवळी रेषा मारलेली होती आणि भिंतीवर पाटी होती : 'अंगठी, घड्याळ, साखळी, सैल बाही रेषेच्या बाहेर.' आखातातल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात बारा वर्षं काढून ताहेर परत आला, तेव्हा याने सोनं आणलं असेल, मोठा टीव्ही आणला असेल, असं गल्लीला वाटलं होतं. त्याने आणले ते नियम. रेषेच्या आत सेफ्टीचा चष्मा न लावता आलेल्याला तो हाकलून द्यायचा, मग ते गिऱ्हाईक असो की सख्खा मेहुणा.

प्रभाकर बरोबर रेषेवर उभे होते. त्यांची अनामिका वांग्यासारखी जांभळी झाली होती आणि तिच्या मुळाशी नवी कोरी सोन्याची अंगठी रुतली होती. ती त्यांची नव्हती. ती होणाऱ्या जावयाची, इंद्रजीतची होती. पाच वाजता खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये त्यांच्या अनुष्काचा साखरपुडा होता आणि आता पावणेतीन वाजले होते.

"घातलीत कशाला?" हा प्रश्न सुमतीबाईंनी कामोठ्यापासून रिक्षात अकरा वेळा विचारला होता. आता बाराव्यांदा विचारला.

"नुसतं बघत होतो गं, कशी दिसते ते."

"कोणाला दाखवायची होती? साखरपुडा तुमचा आहे का?"

घरी साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. शेजारच्या कुमुदताईंनी तर दाराला पाय लावून ओढून पाहिलं. प्रत्येक उपायाने बोट आणखी फुगलं. सराफाच्या कटरचं पातं अंगठीखाली शिरेना. "ताहेरकडे जा," त्याने सांगितलं. "त्याच्याकडे पेनासारखा हातात धरायचा छोटा ग्राइंडर आहे. बारीक काप घेईल. मी नंतर सांधून देतो, पण चारच्या आत आणा."

आणि इथे ताहेर पाटीकडे बोट दाखवत होता.

"नियम म्हणजे नियम, साहेब."

"मग काय करू? बोट बाहेर ठेवून मी आत येऊ?"

ताहेरने हातातलं काम खाली ठेवलं. "यार्डात माझा दोस्त होता. शादीची अंगठी घालून मशीनवर बसला. अंगठी अडकली, बोट पण गेलं. मी माझ्या हाताने उचललंय ते. तेव्हापासून मला या गोष्टीचा राग येतो, समजलं?"

प्रभाकरांनी आपलं बोट छातीशी धरलं. मग सुमतीबाई कडाडल्या, "आम्हाला पण राग येतो! पाच वाजता व्याह्यांना काय सांगू?"

ताहेरने दातओठ खात अख्खं टेबलच उचलून रेषेबाहेर आणलं.

"बसा. हात वर करा."

"का?"

"खाली राहिला की सूज वाढते. माझी तयारी होईपर्यंत डोक्याच्या वर. ही बर्फाची पिशवी धरा, कापताना सोनं तापतं. वहिनी, पदर खोचा. गजरा आत घ्या."

"ही पैठणी आहे!"

"मशीनला काय कळतंय? खोचा, नाहीतर समोरच्या ओट्यावर बसा."

सुमतीबाईंनी पदर असा खोचला की जणू कोणाशी तरी भांडायलाच निघाल्यात. मग चष्मे दोनच निघाले. तिसऱ्यासाठी ताहेर घरी जाऊन आला. मग त्याने कापायची चकती उजेडात धरली, तिला बारीकशी चीर दिसली, ती फेकली. दुसरी निवडली. अंगठी आणि कातडी यांच्यामध्ये सारायला पातळ पत्र्याची पट्टी कापली, तिच्या कडा घासल्या.

"अहो, माझ्या बोटाचा नंबर कधी?"

"हात खाली आला! वर!"

"दुखतोय हो!"

"चकती फुटून डोळ्यात गेली की यापेक्षा दुखतं. वर!"

तीन वीस झाले. सुमतीबाई घड्याळ बघून नवऱ्यावर चिडल्या, प्रभाकर ताहेरवर चिडले आणि ताहेर ग्राइंडरची वायर पायात आली म्हणून वायरवर चिडला. अखेर तो चष्मा लावून समोर बसला, प्रभाकरांचा गारठलेला हात त्याने खाली घेतला आणि पट्टी सारण्यासाठी अंगठी जराशी फिरवली. अंगठी फिरली. पुढे सरकली. आणि टणकन टेबलावर पडली.

"निघाली!" प्रभाकर उभेच राहिले.

"ते दिसतंय मला!" ताहेर भडकला. "अर्धा तास झाला तयारी करतोय! मशीन सुरू पण नाही केलं मी!"

प्रभाकरांनी अंगठीकडे हात नेला. सुमतीबाईंनी ती झडप घालून उचलली.

"हात लावाल तर बघा! आता ही हॉलपर्यंत माझ्याकडे."

"पर्समध्ये ठेव."

"परवा स्टँडवर कुमुदताईंची पर्स फाडली कोणीतरी. तुमचं डोकं चालतं का?"

अंगठी त्यांच्या बोटांत सैल होत होती. म्हणून रागाच्या भरात त्यांनी ती आपल्या अंगठ्यात दाबून बसवली आणि तरातरा चालू लागल्या.

गल्लीच्या टोकाला रिक्षा मिळाली. पण सुमतीबाई आत बसेनात. भिंतीकडे तोंड करून त्या बराच वेळ काहीतरी ओढत राहिल्या.

ताहेर चष्मे पुसून ठेवत होता. समोर बघतो तो दोघं पुन्हा पिवळ्या रेषेवर उभी. सुमतीबाईंचा हात पदराखाली होता.

"एक अक्षर बोलू नका," त्यांनी नवऱ्याला बजावलं.

एकतीस वर्षांच्या संसारात चिडायची पाळी पहिल्यांदाच प्रभाकरांवर आली होती. त्यांनी स्टूल पुढे ओढून बायकोला बसवलं, तिचा हात हलकेच धरून डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

"आणि हसायचं पण नाही!" सुमतीबाई ओरडल्या.

"नाही हसत," प्रभाकर म्हणाले. "वर. अजून थोडा वर."