सासूबाईंची दुर्बीण

"काच" हा शब्द जावईबापूंच्या तोंडून निघायला नको होता. सासूबाई जवळजवळ तयार झाल्या होत्या. कित्येक दिवस त्यांचं पोट दुखत होतं, जेवण निम्म्यावर आलं होतं, बोटातली अंगठी गरागरा फिरायला लागली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोट तपासायला सांगितलं, तर प्रत्येक वेळी ऐन निघायच्या क्षणी त्यांची पाठ धरायची. अखेर लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली आणि उद्या सकाळची वेळ ठरली. दिवसभर समजूत घातल्यावर सासूबाई "बरं बाई, येते" म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "पण ती नळी असते तरी कशाची?"

आपल्या विषयावरचा प्रश्न! जावईबापू खुर्चीतून पुढे सरकले. "काचेची!"

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "मी काच गिळू?"

"तशी काच नाही हो आई. केसासारखे बारीक धागे असतात, हजारो. एका जुडग्यातून उजेड आत जातो. वरून मऊ रबर. तुम्ही मावशींशी व्हिडिओवर बोलता ना, ते बोलणंसुद्धा असल्याच काचेच्या धाग्यातून येतं."

"ती कुठूनही येऊ दे. माझ्या पोटात नाही ना येत?" सासूबाई म्हणाल्या. "काच ती काच. तुटली म्हणजे? मला नाही जायचं."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला आपलं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर दिसलं.

जावईबापूंचा धंदाच आत डोकावण्याचा होता. कारखान्यांतली बॉयलरं, पंप, मैलभर लांब नळ्या यांच्या पोटात दुर्बीण घालून कुठे गंज चढलाय, कुठे चीर गेलीय ते सांगायचं. उद्या दुपारी एका कागद गिरणीत जायचं असल्याने कंपनीची दुर्बीण घरीच होती. होती जुन्या पद्धतीची: एका टोकाला डोळा लावायचा, मधे काळी लांब नळी, दुसऱ्या टोकाला दिवा आणि बारीकशी काच. मुठीजवळची चकती फिरवली की ते टोक सापासारखं मान वळवायचं.

"आई, या इकडे," जावईबापू पेटी उचलून बाथरूमकडे निघाले. "तुम्हाला दाखवतोच, किती अलगद जाते ती."

"अहो, कंपनीची वस्तू आहे!" बायको म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे."

जगातल्या बहुतेक मोठ्या घोटाळ्यांची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.

त्यांनी फरशीवरची जाळी उचलली आणि नळी भोकात सोडली. सासूबाईंना स्टुलावर बसवून डोळा लावायला दिला. सुरुवातीला सासूबाई नाक मुरडून बघत होत्या. मग त्यांचा पदर खांद्यावरून घसरला तरी त्यांनी तो सावरला नाही.

"अगंबाई! केवढं स्पष्ट दिसतंय. हा साबणाचा तुकडा. केसांचा केवढा गुंता गं हा! घरात कुणी भोक साफ करतं की नाही?"

बायकोने दारातूनच माघार घेतली.

"आता वळण येईल," जावईबापू चकती फिरवत म्हणाले. "बघा, कशी लोण्यासारखी वळते. तुमच्या घशात अशीच जाणार, कळणारसुद्धा नाही."

नळी खरोखरच वळली, पुढे गेली, आणखी पुढे गेली. सासूबाईंनी डोळा आणखी घट्ट लावला.

"काय दिसतंय आई?"

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "आत माणूस आहे."

"आत कसा माणूस असेल?"

"आहे. डोक्याला साबण लावतोय. टक्कल आहे."

त्याच क्षणी खालच्या मजल्यावरून एक किंकाळी आली आणि पाठोपाठ बादली कलंडल्याचा आवाज.

जावईबापूंना आता कुठे आठवलं: बाथरूमची नळी खालच्या घराच्या छताखालून जायची. खाली राहणारे अण्णा, निवृत्त चित्रकला शिक्षक, गेलं वर्षभर सांगत होते की तुमच्या नळीचा सांधा उघडलाय, माझ्या डोक्यावर पाणी ठिबकतं. आणि जावईबापू गेलं वर्षभर सांगत होते, "अण्णा, नळ्या तपासणं हा माझा धंदा आहे. आमच्याकडून गळती असणं शक्यच नाही." त्या अशक्य सांध्यातून त्यांची दुर्बीण आता हातभर बाहेर लोंबत होती, दिवा लावून.

घंटा वाजली. दारात पंचा नेसलेले अण्णा उभे होते. एका कानावर फेस तसाच होता.

"माझ्या छतातून एक डोळा बाहेर आलाय," अण्णा म्हणाले. "चमकणारा. मी उजवीकडे सरकलो तर तोही उजवीकडे वळला."

"ते... जरा तपासणी चालली होती."

"माझी?"

"नळीची."

"मग सापडली का गळती?"

जावईबापूंनी मान खाली घातली. "सापडली, अण्णा. आमचीच आहे. उद्याच प्लंबरला बोलावतो."

वर्षभर वाट पाहिलेलं वाक्य ऐकून अण्णांचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा त्यांनी दुर्बिणीसाठी राखून ठेवला. "आता तो डोळा आधी मागे घ्या. मला अंग धुवायचंय."

पण डोळा मागे येईना. टोक सांध्याच्या कडेला अडकलं होतं. जावईबापूंनी जरा जोर लावला, तशा डोळा लावून बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "थांबा! काळा ठिपका आला. आधी नव्हता."

जावईबापूंना ठाऊक होतं, या जुन्या दुर्बिणीत चित्रही काचेच्या धाग्यांतूनच येतं. एक धागा तुटला की चित्रात एक काळा ठिपका पडायचा, कायमचा. असेच ओढत राहिलो तर उद्या गिरणीत बॉयलरऐवजी काळोख दिसेल, आणि साहेबांसमोर आपला चेहरा त्याहून काळा.

"ओढू नका म्हणते ना!" सासूबाईंचा आवाज चढला. "अण्णा, तुम्ही खाली जा. स्टुलावर चढा. लेकी, फोन लाव त्यांना आणि माझ्या कानाशी धर. जावईबापू, तुम्ही चकती सांभाळा, आणि मी सांगेपर्यंत बोटसुद्धा हलवू नका."

अण्णा पंचा सावरत जिना उतरले.

"पोचलात अण्णा? दिसलात. मागे व्हा, नुसती नाकपुडी दिसतेय. हां. आता टोक धरा, चिमटीत, फुलासारखं. डावीकडे घ्या. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे! जावईबापू, मान थोडी सरळ करा. थोडी म्हटलं! अण्णा, आता वर ढकला. सावकाश. आली, आली... हलकेच ओढा."

दुर्बीण सुळकन वर आली. चित्रात ठिपके तेवढे दोन-तीनच वाढले होते. जावईबापूंनी लगेच साहेबांना फोन करून सगळं कबूल केलं. साहेब आधी भडकले, मग टकलाचा भाग त्यांनी पुन्हा सांगायला लावला.

सासूबाई मात्र स्टुलावरून उठेनात. त्यांचे डोळे लकाकत होते. "उद्या किती वाजता जायचंय गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "उशीर नको व्हायला."

सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच तयार होत्या. दवाखान्यात त्यांनी गुंगीचं इंजेक्शन साफ नाकारलं. "झोपले तर बघणार कशी?" डॉक्टर हसले आणि घशात फक्त बधिर करायचा फवारा मारला. जावईबापूही याच धंद्यातले आहेत हे कळल्यावर ते म्हणाले, "मग या ना आत तुम्हीपण. आमच्यात उजेड धाग्यांतूनच जातो, चित्र मात्र पडद्यावर येतं."

जावईबापू ऐटीत पडद्यासमोर उभे राहिले. कुशीवर झोपलेल्या सासूबाईंच्या तोंडात नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं, पण पडद्यावर नजर ठेवून त्या एका हाताने डॉक्टरांना खुणा करत होत्या: सावकाश, आता डावीकडे, जोर नको. डॉक्टरांनी दोनदा "हो हो" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा, का कुणास ठाऊक, खरोखरच सावकाश घेतलं.

पडद्यावर गुलाबी, ओली, चकचकीत भिंत उघडली. तिथे गंज नव्हता, चीर नव्हती, वेल्डिंगचा सांधा नव्हता. मग ती भिंत आपणहून हलली.

जावईबापूंना पुढचं काही आठवत नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते खाटेवर आडवे होते आणि शेजारच्या खुर्चीत बसून सासूबाई त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. घसा बसला होता, पण चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. "नुसती सूज आहे म्हणे," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "गोळ्या घेतल्या की बरं वाटेल. पडून राहा तुम्ही."

नर्स पाण्याचा पेला घेऊन आली. "अहो, पण हे तर रोज हेच काम करतात ना? मग असं कसं झालं?"

"करतात हो," सासूबाई पेला हातात घेत म्हणाल्या. "पण लोखंडात. माणसाच्या आत आज पहिल्यांदाच गेले ते."