सायाळआजीच्या काजव्याची काच

एका जंगलात, बाळांनो, ज्याच्याकडे म्हणून गाडी होती त्याच्याकडे रेडाच होता. रेडा हे गाडीचं नाव. कोल्ह्याकडे पांढरा रेडा, लांडग्याकडे पांढरा रेडा, सशाकडे पांढरा रेडा. बाजारातून परत निघताना प्रत्येक जण एकदा तरी दुसऱ्याच्या रेड्याला किल्ली लावून बघायचा.

त्याच जंगलात एक म्हातारी सायाळ राहायची. काही जण तिला साळिंदर म्हणतात. पाठभर लांब काटे असतात बघा, तोच प्राणी. राग आला की ते काटे आपोआप उभे राहतात आणि मागे जे काही असेल त्याला लागतात. त्यात तिचा काहीएक दोष नाही. हे मी आधीच सांगून ठेवते.

सायाळआजी शाळेत गेली नव्हती. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती वाचायला शिकली, आणि पाट्यांवरच्या चुकांवरून दुकानदारांशी भांडायलाही शिकली. गाडी चालवायला तिला कोणी शिकवलं नाही. कोणाची हिंमतच झाली नाही.

ती गाडी घ्यायला निघाली तेव्हा सगळे म्हणाले, "आजी, रेडा घ्या. कुठेही दुरुस्त होतो."

"तुम्ही दुरुस्त करायला गाडी घेता," आजी म्हणाली. "मी चालवायला घेते."

आणि तिने काजवा घेतला.

काजवा विजेवर चालायचा. गोलसर, हिरवागार. अख्ख्या जंगलात एकच. तो पेट्रोल पीत नव्हता, धूर सोडत नव्हता, आवाजसुद्धा करत नव्हता. त्यामुळे आजी गाडीतून चालली आहे हे कोणाच्या लक्षातच यायचं नाही. मग आजी सगळ्या काचा खाली करायची आणि बाहेर डोकं काढून ओरडायची, "बघा! येतोय का आवाज? येतोय का?"

फार आवाज यायचा. पण तो गाडीचा नव्हता.

आता आजीची मैत्रीण सांगते. ती होती एक कासवीण. डोहात राहायची, कमी बोलायची. सायाळीशी मैत्री टिकवायची तर कमी बोलावंच लागतं. शिवाय तिच्याकडे कवच होतं. दोघींचं चांगलं जमायचं.

त्या वर्षी डोह आटायला लागला. डोंगरापलीकडे एक मोठं तळं होतं, तिथे बारमाही पाणी. ज्यांना पंख होते ते उडून गेले. ज्यांच्याकडे रेडे होते ते हॉर्न वाजवत गेले. कासवीण मागे राहिली. तिचं पाण्याशिवाय भागत नव्हतं. पाणी नसलं की पाठ उन्हाने तडकते.

ससा भला होता. तो निघताना म्हणाला, "काकू, माझ्या रेड्यात मागे जागा आहे. चला."

कासवीण निघालीच होती. तेवढ्यात सायाळआजी आडवी आली.

"ती तुझ्या धुरात बसणार नाही. ती माझी मैत्रीण आहे. ती काजव्यातून येईल, गार हवा खात. तू हो पुढे. आम्ही तुला घाटात मागे टाकू."

ससा गेला. आता कासविणीला नेणारं जंगलात दुसरं कोणीच उरलं नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायाळआजीने कासविणीला उचलून काजव्यात डाव्या बाजूला बसवलं. पट्टा तिच्या कवचावरून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. आजीने दार लावलं आणि उरल्यासुरल्या जंगलाचा निरोप घ्यायला ती दाराला पाठ लावून उभी राहिली. उरल्यासुरल्या जंगलात दोन खारी होत्या आणि एक गॅरेजवाला तरस.

तेवढ्यात अर्ध्या काचेवरून कासविणीने मान बाहेर काढली आणि प्रेमाने म्हटलं, "सायाळे, हळू चालव हं."

बाळांनो, तुम्हीच सांगा. हळू चालव असं कोणी म्हणावं? कासविणीने?

आजीचे काटे उभे राहिले.

खळ्ळ!

डाव्या काचेची खडीसाखर झाली. गाडीच्या काचा तशाच फुटतात, बारीक दाण्यांनी. कासविणीने मान आत घेतली म्हणून बरं. पाठीवरची खडीसाखर झटकत तिने मान पुन्हा बाहेर काढली.

"सायाळे, मी काय म्हणते..."

"तू काही म्हणू नकोस. म्हणालीस म्हणूनच हे झालं."

"अगं, पण..."

"उतर खाली. काच बसवल्याशिवाय मी जंगलातून फिरणार नाही. वाटेत ते रेडेवाले भेटतील. त्यांना काय तोंड दाखवू?"

कासवीण उतरली आणि डोहात जाऊन बसली. तेव्हा डोहात तिचं कवच झाकेल एवढं पाणी होतं.

आजी तरसाच्या गॅरेजात गेली. तरसाला गंभीर राहणं जमत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याने काजव्याभोवती फेरी मारली आणि हसायला सुरुवात केली.

"आजी, रेड्याची काच असती तर चहा होईपर्यंत बसवली असती. रेड्याच्या काचा माझ्याकडे एवढ्या आहेत की मी कोंबडीच्या खुराड्यालाही लावल्यात."

"मग काजव्याची ठेवायला काय झालं?"

"कोणासाठी ठेवू? तुमच्यासाठी? तुमची फुटेल असं म्हटलं असतं तर तुम्ही मला फोडलं असतं." तो पुन्हा हसला. "असं करा, सागाचं पान लावून देतो. तळ्यापर्यंत आरामात जाल."

"पान? माझ्या काजव्याला? तो काय द्रोण आहे?"

आजी थेट कंपनीच्या खोपटात गेली. तिथे ग्राहकांशी बोलायला एक साळुंकी बसवली होती.

"नमस्कार. आपली तक्रार आम्हाला फार मोलाची आहे," साळुंकी म्हणाली.

"मोलाची आहे म्हणून ठेवून घेऊ नका. काच द्या."

"काच सात डोंगरांपलीकडून येते. बाजू कोणती?"

आजी बाहेर गेली. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या समोर उभं राहून बोलावं, अशी तिची रीत. ती काजव्याच्या समोर, त्याच्या दिव्यांत बघत उभी राहिली. फुटकी खिडकी तिच्या उजव्या हाताला आली. ती आत आली आणि ठणकावून म्हणाली, "उजवी."

"चालकाच्या जागेवर बसून उजवी का?"

"बसून कशाला? मी काय दमलेय?"

"नाही, आजी, काही जण समोरून बघतात आणि मग..."

"काही जण बघत असतील. मी स्वतः शिकलेली आहे. डावं-उजवं मला पक्ष्यांकडून शिकायचं नाही. मालकीण मी आहे. मी उभी राहीन तिथून उजवी!"

साळुंकीने पाहिलं, काटे हलायला लागले होते आणि खोपट गवताचं होतं. तिने 'उजवी' लिहून घेतलं आणि म्हणाली, "आणखी काही सेवा?"

इथे कोणीतरी खुसखुसलं. मी ऐकलं. डावं-उजवं भल्याभल्यांचं चुकतं. चालू द्या.

मग वाट बघणं सुरू झालं. आजी रोज खोपटात जायची. साळुंकी रोज सांगायची की काच निघाली आहे. कुठून निघाली आणि कुठे पोचली, ते सांगायची नाही.

डोहात कासविणीचे पाय बुडतील एवढंच पाणी उरलं.

"सायाळे, मी काय म्हणते, ती काच..."

"येतेय. निघालीय. मला टोचून बोलू नकोस, टोचायचं काम माझं आहे."

पुढे डोहात नुसता चिखल राहिला. एका सकाळी आजी आली तेव्हा कासवीण चिखलातून वर येत होती.

"कुठे निघालीस?"

"तळ्याकडे."

"चालत? दारात काजवा असताना?" आजीचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील? सायाळीने मैत्रिणीला पायी पाठवली म्हणतील!"

"लोक सगळे तिकडे गेलेत गं. म्हणायला इथे आहे कोण?"

"दोन खारी आहेत."

कासविणीने दोन्ही खारींकडे पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. "मी हळूहळू पुढे होते. काच आली की गाठ मला वाटेत. आणि सायाळे, खरं म्हणजे..."

"जा, जा! वाटेत हॉर्न देईन तेव्हा बाजूला हो म्हणजे झालं."

कासवीण गेली. तिची पाठ दिसेनाशी व्हायला संध्याकाळ झाली. आजी तोवर तिथेच उभी होती. पण ती काही तिला बघत नव्हती. ती रस्ता बघत होती, काच येते का म्हणून. असं ती म्हणायची, आणि मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवते.

पुढे कधीतरी काच आली. एका उंटाच्या पाठीवर, पेंढ्यात गुंडाळून. आजीने खारींना मुद्दाम बोलावून घेतलं. तरसाने पेंढा काढला, काच उचलली, डाव्या दाराला लावून पाहिली. उलटी करून पाहिली. आडवी करून पाहिली. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"हसायला काय झालं?" आजी उजव्या दाराला टेकून म्हणाली.

"आजी, ही उजवी आहे."

"उजवीच मागवली होती."

"हो. पण फुटलीय डावी."

खारी एकमेकींच्या शेपटीत तोंड घालून बसल्या. आजीने काजव्याच्या समोर जाऊन पाहिलं, मागे जाऊन पाहिलं, आत बसून पाहिलं. बाहेर आली आणि पुन्हा उजव्या दाराला टेकली. आता तिला सगळं कळलं होतं. कळलं ते बरं झालं. पण ते तरसासमोर कळलं, हे वाईट झालं.

"आजी, चुकतं हो एखाद्याचं," तरस म्हणाला. एवढंच म्हणायला नको होतं.

काटे उभे राहिले.

खळ्ळ!

उजव्या काचेची खडीसाखर झाली. आजीने मागे वळून पाहिलं. मग मान ताठ करून ती तरसाला म्हणाली, "आता फुटलीय ना उजवी? बसव."

तरसाने काच बसवली. हसता हसता त्याच्या हातून स्क्रू तीनदा खाली पडले. डाव्या खिडकीला त्याने न विचारता सागाचं पान लावलं. आजीने ते न बघितल्यासारखं केलं.

ती निघाली. पहिल्याच वळणावर सागाचं पान उडून गेलं. उघड्या खिडकीतून वारा आत आला. चांगला वारा होता. काजवा पहिल्यासारखाच पळत होता, घाटही चढत होता. आजीच्या मनात एक विचार आला. तिने तो लगेच खिडकीबाहेर टाकला.

वाटेवर कासवीण कुठेच दिसली नाही. आजी प्रत्येक गोल दगडापाशी गाडी थांबवायची, उतरायची, दगड उलटा करून बघायची. हॉर्न तिने एकदाही वाजवला नाही.

तळ्याच्या काठावर कासवीण सापडली. पाय पाण्यात सोडून बसली होती. आजीला फार फार बरं वाटलं. म्हणून ती ओरडली, "एवढी घाई कशाला केलीस? मी येतच होते ना!"

"आलीस? ये. काच बसली?"

"बसली."

"मग ही बाजू उघडी कशी?"

"ती वेगळी काच होती."

कासविणीने पुढे विचारलं नाही. ती पाणी प्यायला वाकली, आणि तेव्हा आजीला तिची पाठ दिसली. कवचाला एक चीर गेली होती. मानेपासून पार मध्यापर्यंत. उन्हात तडकलेली.

अशी काच सात डोंगरांपलीकडून येत नाही. साळुंकीला विचारूनही उपयोग नसतो.

आजीच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. वारा होताच. तिने चटकन तोंड फिरवलं आणि मैत्रिणीकडे पाठ करून ती काजव्याच्या मागच्या काचेत बघत उभी राहिली.

"सायाळे," मागून कासवीण म्हणाली, "मी तेव्हापासून एकच सांगत होते. तू बोलू दिलं नाहीस."

"काय ते सांग एकदाचं."

"गाडी काय काचेवर चालते? चाकं तर शाबूत होती गं. त्याच दिवशी निघालो असतो. तशीही तू खिडक्या उघड्या टाकूनच चालवतेस."

आजीला पाठीवर पहिली झिणझिण जाणवली. काटे उठायला लागले. ते कोणाचं ऐकत नाहीत, तिचंही ऐकत नाहीत. आणि बरोबर मागे कासवीण होती. तडकलेली.

जन्मात पहिल्यांदा सायाळआजीने राग येत असताना मागे काय आहे याचा विचार केला. ती गर्रकन वळली. तोंड कासविणीकडे, पाठ काजव्याकडे.

खळ्ळ!

काजव्याची मागची काच गेली.

कासविणीने या वेळी मान आत घेतली नाही. ती मैत्रिणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता पुढची तेवढी राहिली."

"गप बस."

"नवी मागवशील तेव्हा मला विचार. मागची म्हणजे कुठून मागची ते."

आजी तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसली. जरा अंतर ठेवून बसली. काटे खाली यायला वेळ लागतो.

तात्पर्य: गाडी घ्यावी तर अशी घ्यावी की तिची काच कुठे मिळता कामा नये. म्हणजे मैत्रिणीला चालण्याची सवय राहते. काच चुकीची आलीच, तर कंपनीला दोष देऊ नये आणि आपल्याला तर मुळीच देऊ नये. आलेली काच बसेल अशी एक खिडकी फोडून घ्यावी.

झाली गोष्ट. बाहेर माझ्या गाडीच्या खिडकीला सागाचं पान का लावलंय, हे ज्याला विचारायचं असेल त्याने खुशाल विचारावं. मात्र आधी माझ्या पाठीमागून उठून पुढे येऊन बसावं.