हळदीचं जातं आणि सिमेंटचे पत्रे

"दिपिकाची हळद माझ्या माहेरच्या जात्यावरच दळली जाणार! पाकिटातली हळद आणलीत, तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही!"

रंभाबाईंनी ही घोषणा वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या हॉलमध्ये केली, पण ती खाली वॉचमनपर्यंत पोचली. नातीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. आता तुम्ही म्हणाल, हळदीसाठी एवढा आरडाओरडा? पण खाडीकाठच्या त्यांच्या माहेरची रीतच तशी. जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा आणि गाणी म्हणत हळकुंडं दळायची. रंभाबाईंची हळद त्याच जात्यावरची, त्यांच्या लेकीचीही. दिपिकाने ती ओळ मोडायची म्हणजे घराण्याच्या नाकाचाच प्रश्न!

"पण आजी, ते जातं आहे कुठे?" दिपिकाने विचारलं.

"माझ्या भावानं, काशीरामनं गावात स्लॅबचं घर बांधलं तेव्हा ठेवायला जागा उरली नाही. बाबांच्या भातगिरणीत नेऊन ठेवलंय."

दिपिकाच्या हातातला घास हातातच राहिला. ती बोईसरला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. घरात कुणी स्टुलावर चढलं तरी तिच्या कपाळावर आठी पडायची.

"ती बंद पडलेली गिरणी? जिचे पत्रे फुटलेत?"

"फुटले तर फुटले! सिमेंटचेच तर पत्रे आहेत."

"सिमेंटचे नाहीत, अ‍ॅस्बेस्टॉसचे! फुटले की त्यातून बारीक तुसं उडतात. दिसत नाहीत, वास नाही, खाज नाही. फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आजार काढतात!"

"वीस-तीस वर्षांनी?" रंभाबाईंनी मनातल्या मनात आपलं वय मिळवून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "येऊ देत की! तेव्हा मी असले तर त्यांनाही चहा पाजेन!"

मग त्यांना आठवणींचं भरतं आलं. ते पत्रे गिरणीवर चढले तेव्हा अख्खं गाव बघायला आलं होतं म्हणे. कौलं शाकारायची कटकट संपली! उरलेल्या तुकड्यांसाठी बायका भांडल्या. "त्या तुकड्यांवर आम्ही पापड वाळवले, मिरच्या वाळवल्या, कोंबड्यांची खुराडी झाकली. दादांनी तर एक तुकडा घासून-घासून मला पाटी करून दिली होती!"

"घासून?" दिपिका किंचाळली. प्रत्येक आठवणीला ती एकेक इंच पांढरी पडत होती. "आजी, सगळ्यात चांगली खबरदारी एकच. अशा पडक्या इमारतीत जायचंच नाही!"

"बरं. मग मी एकटी जाते. तोंडाला पदर लावून."

संपलं! पदराने ती तुसं अडत नाहीत हे दिपिकाला ठाऊक होतं, आणि आजी खरोखरच जाईल हेही ठाऊक होतं. तिने हात टेकले, पण सेफ्टी ऑफिसरसारखे टेकले. अंगभर पांढरे, वापरून टाकायचे सूट. दोन्ही गालांवर गुलाबी डबे असलेले मास्क. पाठीवर पाण्याचा फवारणी पंप, कारण ओली धूळ उडत नाही. आत झाडायचं नाही, ठोकायचं नाही, पडलेल्या तुकड्यावर पाय द्यायचा नाही. बाहेर आल्यावर सूट तिथेच पिशवीत बंद.

जातं उचलायला माणूस हवा म्हणून नवरदेव प्रितेशला बोलावलं. बिचारा आनंदाने आला. लग्नासाठी त्याने चार महिने दाढी राखली होती, रोज तेल लावून, एखाद्याने तुळस वाढवावी तशी.

दिपिकाने त्याच्याकडे बघितलं. "दाढी काढावी लागेल."

"काय?"

"दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. फट राहते."

"अगं, पण फोटोग्राफरनं माझी दाढी धरून सगळे अँगल ठरवलेत!"

"प्रितेश, दाढी हवी की फुफ्फुसं?"

प्रितेश बाथरूममध्ये गेला आणि सोललेल्या बटाट्यासारखा बाहेर आला. त्याच्या आईने व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण? प्रितेशला फोन द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गावाच्या वेशीवर गाडीतून उतरली आणि तिथेच सूट चढवले. रंभाबाईंच्या नऊवारीवर सूट बसेना. दिपिकाने ओढून-ओढून चेन लावली तेव्हा त्या सारण जास्त झालेल्या करंजीसारख्या दिसायला लागल्या. काखेत हवा, ओच्यात हवा! पण चाल मात्र माहेरवाशिणीची. पुढे रंभाबाई, मागे पंप घेतलेली दिपिका, शेवटी प्रितेश.

विहिरीवर धुणं धूत असलेल्या एका बाईने मान वर केली. तिच्या हातातलं लुगडं गळून पडलं.

"बर्ड फ्लूवाले आले! कोंबड्या लपवा गो! कोंबड्या लपवा!"

झालं! मागे शेजारच्या गावात कोंबड्यांना रोग आला होता, तेव्हा असेच पांढऱ्या कपड्यांतले लोक येऊन सगळ्या कोंबड्या घेऊन गेले होते. तो धसका गावाच्या मनात ताजा होता. दारं धडाधड लागली. पोरं, म्हातारे, बाया, जो तो कोंबडीमागे! कुणी पदराखाली कोंबडी धरली, कुणी भाताच्या कणगीत कोंबडा कोंबला.

"अरे, मी रंभा! काशीरामची आक्का!" रंभाबाई ओरडल्या. पण मास्कमधून लोकांपर्यंत पोचलं ते नुसतं "घूं, घूं, घूं!" त्या जवळ जाऊन सांगायला धावल्या, तसं गाव आणखी जोरात पळालं.

"आजी, चला! आधी काम उरकू," दिपिकाने त्यांचा हात धरला.

गिरणीचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. आत पत्र्यांच्या भगदाडांतून उन्हाचे खांब उतरले होते. पट्टा तुटलेलं इंजिन, कोंड्याचा ढीग, आणि कोपऱ्यात ते! रंभाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच जात्यापाशी आई पहाटे बसायची. पण जात्यावर वरून पडलेल्या पत्र्याचे तुकडे होते आणि खुंट्याच्या भोकापर्यंत राखाडी भुकटी भरली होती. दिपिकाने हळूच पाण्याचा फवारा मारायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागची खिडकी उघडली.

एक टोपली आत आली, उलटी झाली आणि तिच्यातून कोंबड्या बाहेर पडल्या. मग दुसरी टोपली, मग एक गोणी! बंद गिरणीत कोण सरकारी माणूस येणार, असा अख्ख्या गावाने एकाच वेळी हुशार विचार केला होता!

दिपिकाने फवारलं होतं हातभर, कोंबड्या नाचल्या सगळ्या गिरणीभर. पंखांनी धूळ उठली. एक तुरेबाज कोंबडा फडफडत वर उडाला आणि लोंबकळणाऱ्या पत्र्यावर जाऊन बसला.

"नको रे, नको रे राजा, तिथे नको..." प्रितेश मास्कमध्येच पुटपुटला.

धडाड्! पत्रा खाली, कोंबडा पत्र्याखालून बाहेर, आणि सगळीकडे पांढरा धुरळा! त्याच धुरळ्यात खिडकीतून एक म्हातारा दोन्ही काखांत दोन कोंबड्या घेऊन आत उतरला. समोर बघतो तर पंप घेतलेलं एक पांढरं भूत, बाजूला दोन पांढरी भुतं!

"मेलो!" त्याने कोंबड्यांसकट हात जोडले. "सायेब, या कोंबड्या माज्या नाय! वाटेत भेटल्या!"

तो काशीराम होता.

"सगळे बाहेर! आत्ता! कोणी मास्क काढायचा नाही!" दिपिका गरजली. पण काशीरामच्या तोंडावर मास्क कुठला? तो गुडघ्यावर बसून गयावया करत होता. रंभाबाईंनी पुढे होऊन हातमोज्यातल्या हाताने त्याचा कान पकडला, पिळला आणि तसाच ओढत बाहेर नेला.

"आक्का?" काशीराम कळवळला. "असा कान पिळनारी आमची आक्काच! आक्का, तू सरकारी नोकरीला कदी लागलीस?"

बाहेर दिपिकाने सूत्रं हाती घेतली. तिघांचे सूट आणि काशीरामचे कपडे न झटकता पाण्याने भिजवून पिशवीत बंद. काशीराम लंगोटीवर, नळाखाली. त्याच्यामागे एकेक कोंबडीही नळाखाली! बर्ड फ्लूवाले कोंबड्यांना आंघोळ घालतायत म्हटल्यावर गाव हळूहळू दाराबाहेर आलं. दिपिकाने वळून बघितलं आणि तिचे डोळेच विस्फारले. प्रत्येक खुराड्यावर फुटका पत्रा, न्हाणीला पत्रा, एका अंगणात तर पत्र्यावर मासळी वाळत घातलेली! तिने तिथेच गावाला उभ्या-उभ्या सांगायला घेतलं, हे तोडू नका, कापू नका, झाडू मारू नका. गाव ओल्या कोंबड्या पोटाशी धरून ऐकत राहिलं.

"आणि जातं?" रंभाबाईंनी हळूच विचारलं.

दिपिकाचा आवाज खाली आला. "आजी, त्या दगडाच्या बारीक भोकांत काय-काय बसलं असेल, ते धुऊनही जाईल याची मी खात्री देऊ शकत नाही. त्यावरची हळद मला लागेल, प्रितेशला लागेल, पोरंबाळं एकमेकांना फासतील."

रंभाबाईंनी गिरणीकडे वळून बघितलं. मग त्यांनी डोळे पुसले. "राहू दे. एवढ्या जणी त्या हळदीनं पिवळ्या झाल्या, पुष्कळ झालं. तुझ्या जिवापेक्षा दगड मोठा नाही."

प्रितेशलाही भरून आलं. पण नळाखालचा काशीराम खो-खो हसत होता.

"कोनती हळद, आक्का? त्या जात्यावर हळद कदी दळलीय?"

"म्हणजे?"

"तुज्या लग्नात जात्याला टाकीनं खाचा पाडनारा आलाच नाय. जातं झालेलं गुळगुळीत. हळकुंड टाकलं की अख्खंच भायेर! आई म्हनाली, कोनाला बोलू नको. बायांनी गानी म्हनत रिकामं जातं फिरवलं. हळद मी गिरनीच्या चक्कीत दळली! मग तीच रीत पडली. तुज्या लेकीची बी चक्कीतलीच."

रंभाबाई ताडकन वळल्या. "अरे, पण माझं अंग दोन दिवस लालबुंद होतं! बायका म्हणाल्या, हळदीचं तेज आलंय!"

"तेज कसलं? त्या चक्कीत सकाळी लवंगी मिरची दळली होती!"

परतीच्या वाटेवर गाडीत प्रितेशचे खांदे दाबलेल्या हसण्याने गदगदत होते.

घरी सुनेने, दिपिकाच्या आईने, दारातच विचारलं, "आई, जातं नाही आणलंत?"

"जातं?" रंभाबाईंनी दिपिकाकडे असं बघितलं की तिने तोंड मिटून घेतलं. "छे! अ‍ॅस्बेस्टॉस आहे तिथे! महाभयंकर प्रकार! दिसत नाही, वास नाही, पण फुफ्फुसात जाऊन बसतं! कुणीही तिकडे फिरकायचं नाही. आणि काशीरामशी तर अजिबात बोलायचं नाही, त्याच्या नाकातोंडात गेलंय ते!"

दिपिकाला हळद लागली ती वसईच्या बाजारातल्या पाकिटातली. रंभाबाई मांडवात सगळ्यांच्या आधी हजर होत्या. येणाऱ्या प्रत्येक पाहुणीला त्या अ‍ॅस्बेस्टॉसचे धोके इतक्या पोटतिडकीने समजावत होत्या, की नातीच्या ऑफिसातले साहेबही थक्क झाले आणि म्हणाले, "आजींना एकदा आमच्या कारखान्यात भाषणाला बोलवायला हवं!"