भैरूअण्णाचा डॉन

भैरूअण्णा सांगतो त्या सिनेमात कुणी मरत नाही. सिनेमे मात्र सगळे टोळीयुद्धाचेच. मच्छे गावात तो आमचा शेजारी. उद्यमबागच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्याच्या खडखडाटात, जन्म गेल्यामुळे बोलणं मोठ्यानं, आणि त्याच्या मते प्रत्येक डॉन म्हणजे लग्न जमत नसलेला मुलगा. "बंदूक का काढली म्हायत हाय? हातात फूल धराय लाज वाटत्या," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

वडील गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या पुढच्या सोप्यात येऊन बसला. घरात चूल पेटत नव्हती. पिठलं-भाकरी त्यानंच आणली होती. आईनं आदल्या दिवसापासून अन्नाला हात लावला नव्हता. तिला साखरेचा आजार. आज पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात न्यावं लागेल, असं डॉक्टर बजावून गेले होते. ताटाभोवती आम्ही सगळे बसलो होतो. आई भिंतीकडं बघत होती.

"आक्का, एका डॉनची गोष्ट सांगू?" भैरूअण्णा एकदम तिला म्हणाला.

निपाणीचे काका, वडिलांचे थोरले भाऊ, ताठ झाले. मी डोळ्यांनी खुणावलं. अण्णाला खुणा कळत नाहीत.

"गड्यानं अख्खा बाजार बंद पाडला. का? तर पोरगी भाजी घ्याला येत्या, आणि गर्दीत दिसंनाच. गाडीतनं माणसं उतरली, हातात तलवारी. लोक पळत सुटले. पळू नका रं, पोरगी बघाय आल्यात!"

"भैरू," काका म्हणाले, "सुतकाचं घर हाय हे. ऊठ."

अण्णा उठला नाही. आवाज तेवढा खाली आणला. त्याला ते जमतं हे मला ठाऊक नव्हतं. "मागनं दुसरी टोळी आली. गोळीबार सुरू. ही पोरीकडची मंडळी, आक्का. मानपानावरनं बिनसलं असणार."

काकांनी त्याचा दंड धरला.

"पोरीची आई कुठं होती?" आईनं विचारलं.

काकांचा हात सुटला.

"ती व्हय? ती घरात पुरणाची डाळ शिजत घालून बसल्या. तिला समदं ठावं."

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला.

"मग? लग्न झालं का त्यांचं?"

मी तो सिनेमा पाहिला होता. डॉन शेवटी रस्त्यात पडतो, आणि ती पोरगी त्याच्या उशाशी बसून राहते. अण्णानं माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं.

"फुडचं मी बघिटलंच न्हाय, आक्का. आमची सुशी आजारी असताना संगट बघायचो. मध्येच तिला डोळा लागायचा. मग मी टीव्ही बंद करायचो, ऱ्हायलेलं उद्या म्हणून." सुशी ही त्याची बायको; ती त्याच आजारात गेली होती. "अजून तिथंच बंद करतोय."

आईनं उरलेली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली.

"जेवलासा काय, अण्णा?"

"न्हाय."

काका सरकले आणि त्याला ताटापाशी जागा करून दिली.