नापासांची फळी

“हे बघ, उजवीकडची फळी. प्रत्येक भांड्याचा एक फोटो, खाली दोन ओळी, आणि अकराच्या आत सगळं पेजवर. दोन ओळी खऱ्या वाटल्या पाहिजेत, जाहिरातीसारख्या नकोत,” असं त्या दिवसापुरती सुट्टी घेतलेल्या नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावून सून टेम्पोत बसली. फोन तिने त्याच्याच हातात दिला, कारण पेज त्या फोनवर होतं आणि कॅमेराही त्याचाच बरा होता. मातीचा व्यापारी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी सकाळी, माती तोलून द्यायचा. माती नाही तर पुढचा आठवडा नुसतं चाकाकडे बघत बसायचं, म्हणून जाणं भाग होतं.

आणि नेमक्या याच गुरुवारी चहाघरवाली तिचं पेज बघणार होती. नवं चहाघर, साठ कप आणि बारा किटल्यांची ऑर्डर, स्पर्धेत तीन जण. “अकराला तिघांची पेजेस बघते आणि बारा वाजता जिचं आवडेल तिच्याकडे येते,” असं बाईने फोनवर सांगितलं होतं. सुनेची विमा कचेरीतली सहा महिन्यांची बिनपगारी रजा सोमवारी संपत होती. ऑर्डर आली तर राजीनामा, नाही आली तर पुन्हा पॉलिसीचे फॉर्म, असा सरळ हिशेब तिने घरात सगळ्यांना सांगून टाकला होता. राजीनाम्याचं पत्र तिने लिहूनही ठेवलं होतं, फक्त त्यावर सही नव्हती.

पेजची अवस्था मात्र फार धीर देणारी नव्हती. त्रेचाळीस जण ते बघत होते. त्यांतले एकोणचाळीस नातेवाईक, तीन शाळेतल्या मैत्रिणी आणि एक पाण्याच्या टाक्या धुणारी कंपनी. सून रोज मन लावून फोटो टाकायची. खिडकीतल्या उन्हात कप, पुस्तकाशेजारी कप, वाळलेल्या पानाशेजारी कप. खाली लिहायची, ‘माती, मी आणि शांतता’. मावससासूबाई प्रत्येक फोटोला जोडलेले हात पाठवायच्या. ‘आज कार्यशाळा बंद आहे’ या सूचनेलाही त्यांनी हातच जोडले होते.

खरं तर शांतता फक्त फोटोतच होती, कारण कार्यशाळेत सासूबाई असायच्या. चिनी मातीच्या बरण्या करणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. त्यांच्या हाताखालून एकही सदोष बरणी फाटकाबाहेर गेली नाही, असं त्या सांगत, आणि त्यांच्याकडे एकदा पाहिलं की ते कुणालाही पटत असे. निवृत्त झाल्यावर त्या चार दिवस घरात बसल्या, पाचव्या दिवशी सुनेच्या भट्टीपाशी खुर्ची टाकून बसल्या. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं त्या बोटाने वाजवत, पाणी भरून बघत, काचेवर ठेवून डोलतं का पाहत. पास झालेलं भांडं एका फळीवर जाई. त्याला चिठ्ठी नाही, कौतुक नाही. “जे बरोबर आहे त्याबद्दल काय बोलायचं?” असं त्यांचं म्हणणं. नापास भांडं समोरच्या फळीवर जाई आणि त्याच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली जाई. चिठ्ठीवर कारण, तारीख आणि खाली ‘तपासलं’ म्हणून सही.

पहिले दोन आठवडे सुनेने चिठ्ठ्या वाचल्या. मग तिने वाचणं सोडलं. रोज सकाळी उठून कोण स्वतःचा अपमान वाचत बसेल? महिनाअखेरीस ती डोळे मिटून नापास भांडी फोडायची आणि तुकडे अंगणातल्या वाटेवर टाकायची. वाट आता चांगली उंच झाली होती.

सून चाकावर बसली की पास फळी तिच्या उजव्या हाताला येई. नवरा मात्र चाकावर कधी बसला नव्हता. तो रस्त्याकडच्या दारातून आत आला, चाकाकडे तोंड करून उभा राहिला आणि आपल्या उजवीकडे वळला. फळीवर सव्वीस भांडी होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोन ओळी तयार होत्या. त्याला बायकोचं फार कौतुक वाटलं. काल दमली होती तरी बिचारीने सगळं लिहून ठेवलं, अक्षर जरा आईच्या वळणावर गेलंय इतकंच, असं तो मनाशी म्हणाला.

आता या गृहस्थांचा व्यवसाय सांगितला पाहिजे. ते अभिलेख कचेरीत जुन्या कागदांच्या खऱ्या नकला करत. मूळ कागदात जे आहे ते तसंच्या तसं उतरवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, ही त्यांची एकोणीस वर्षांची साधना होती. एका जुन्या दस्तावर शाईचा डाग होता, तर त्यांनी नकलेत कंसात ‘येथे डाग’ असं लिहिलं होतं. त्यामुळे चिठ्ठ्यांवर जे होतं ते तारीख-सहीसकट पेजवर गेलं.

कपाखाली गेलं, ‘कान कपापेक्षा मोठा. नापास.’ किटलीखाली, ‘चहा कपात कमी, हातावर जास्त. नापास.’ फुलदाणीखाली, ‘झुकते. विचारलं तर म्हणे शैली आहे. नापास.’ साखरेच्या भांड्याखाली, ‘झाकण बसत नाही. बसलं तर निघत नाही. नापास.’ एका वाडग्याखाली, ‘रंग निळा हवा होता, आजारी आला. नापास.’ अकराला पाच कमी असताना सव्विसावा फोटो टाकून त्याने हात झटकले आणि तो चहा ठेवायला गेला.

चहा होईपर्यंत फोन कंप पावून टेबलावरून खाली पडला. त्याने उचलून पाहिला. टाक्या धुणाऱ्या कंपनीने फुलदाणीचा फोटो पुढे पाठवला होता. ज्यांच्या टाक्या त्यांनी धुतल्या, त्या सगळ्यांना, म्हणजे निम्म्या शहराला. मग कुणीतरी विचारलं, ‘ही सही करणारी बाई कोण आहे? मला माझ्या साहेबांसाठी हवी आहे.’ एकाने लिहिलं, ‘आजारी वाडग्याची तब्येत आता कशी आहे?’ मावससासूबाईंनी सव्वीसही ठिकाणी हात जोडले होते.

“आई, बघ ना, लोकांना फार आवडलं!” नवरा ओरडला.

सासूबाईंनी चष्मा लावला, पडद्यावर आपली सही पाहिली आणि उठून उभ्या राहिल्या. “अरे, हा माझा अंतर्गत अहवाल आहे! तो चव्हाट्यावर कुणी मांडला?”

“तिनेच सांगितलं, उजवीकडची फळी.”

“ही डावीकडची!”

“दारातून उजवीकडचीच आहे.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पण तेवढ्यात त्यांची नजर एका शेऱ्यावर गेली. कुणीतरी लिहिलं होतं, ‘किटली छान आहे हो, उगाच नापास केली.’ सासूबाई तडक खुर्चीत बसल्या. “उगाच? लिहून घे. किटलीची चोच अर्धं बोट खाली आली आहे. ओतून बघा आणि मग बोला. आणि अरे, दूध उतू जातंय, गॅस बंद कर.”

खरी नक्कल करणाऱ्या मुलाने हे सगळं लिहून पाठवलं, दुधासकट. पाच मिनिटांत शंभर जणांनी विचारलं की गॅस बंद केला का.

बारा वाजता टेम्पो दारात थांबला. सून मातीची पोती उतरवायची सोडून आत धावली आणि तिने फोन हिसकावून घेतला. पहिला फोटो बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“हे काय केलंस! चहाघरवाली हे बघत असेल! काढ, आधी काढ!”

“नोंद झालेली गोष्ट अशी काढता येत नाही,” नवरा सवयीने म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून दोन पावलं मागे सरकला.

तिने स्वतःच तीन फोटो पुसले. लगेच फोन पुन्हा कंप पावू लागला. ‘झुकणारी फुलदाणी कुठे गेली? पडली का?’ ती चौथा पुसायला गेली आणि थांबली. एका साध्या कपाचा फोटो होता. खाली सासूबाईंच्या शब्दांत लिहिलं होतं, ‘उत्तम झाला असता. सकाळी सगळ्यांचे डबे करून मग चाकावर बसली, दमलेली होती. कडेला हात थरथरलाय. डबे उद्यापासून मी करीन. तरीही नापास.’

सुनेने तारीख पाहिली. त्याच तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून सासूबाई सकाळी ओट्यापाशी उभ्या राहू लागल्या होत्या. “मला झोप येत नाही,” एवढंच कारण त्यांनी दिलं होतं. तीन आठवडे सून ते खरं मानत आली होती. सासूबाईंकडे वळायलाही तिला वेळ मिळाला नाही, कारण दारात चहाघरवाली उभी होती.

बाईने कुणालाही नमस्कार केला नाही. ती थेट नापास फळीकडे गेली आणि तिने मोठ्या कानाचा कप उचलला. “हाच तो! मला हा हवाय.”

“ठेवा तो खाली,” सासूबाई म्हणाल्या.

“आई!” सून कळवळून म्हणाली.

“नापास माल माझ्यासमोर विकला जाणार नाही. एकतीस वर्षांत गेला नाही, आज जाणार नाही. ऑर्डर गेली तर गेली.”

सुनेने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांसमोर तिला विम्याचे फॉर्म दिसत होते, तीन प्रतींत.

चहाघरवालीने कप हळूच जागेवर ठेवला आणि ती सासूबाईंसमोरच्या स्टुलावर बसली. “काकू, अकराला मी तिन्ही पेजेस बघितली. बाकी दोघांच्या पेजवर सगळं सुंदर. ऊन सुंदर, पानं सुंदर. पण माझ्याकडे रोज तीनशे लोक चहा पिणार. कुणाच्या हातावर सांडला तर ते मला बोलणार, पानाला नाही. काय बिघडलंय ते सांगणारी माणसं मला इथेच दिसली.” ती वळून सुनेला म्हणाली, “नापास माल इतका कडक असेल, तर पास झालेला कसा असेल? तो कुठे आहे?”

सून त्यांना दुसऱ्या फळीकडे घेऊन गेली. बाईने एक कप घेतला, बोटाने वाजवला, त्यात पाणी भरलं, टेबलावर ठेवून त्याला टिचकी मारली. कप हलला नाही. सासूबाई हे सगळं बघत होत्या. ग्राहकाने टिचकी मारायची योग्य जागा निवडली, हे त्यांना मनापासून आवडलेलं दिसलं.

“असे साठ. आणि किटल्या बारा नकोत, वीस करा. प्रत्येक काकूंच्या हातून पास झालेली. आणि तो मोठ्या कानाचा कप चिठ्ठीसकट माझ्या गल्ल्याजवळ टांगायला द्या. विकत नाही, म्हणजे उसना.”

सासूबाईंनी कप हातात घेऊन चिठ्ठी पुन्हा वाचली. “नमुना म्हणून नेता येईल,” त्या अखेर म्हणाल्या. “पण त्यातून कुणी चहा पिता कामा नये. लिहून घे रे.”

नवऱ्याने लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत पेज बघणारे नऊ हजार झाले. पुसलेली फुलदाणी लोकाग्रहास्तव परत आली. पास फळीवरची होती नव्हती ती सगळी भांडी बुक झाली. सून अंगणातल्या त्या उंच वाटेवर उभी राहून मोठमोठ्याने हसत होती, आणि शेजारीण भिंतीवरून विचारत होती की झालं तरी काय. “आमच्या घरात सगळं नापास झालं!” तिने ओरडून सांगितलं.

आत येऊन तिने राजीनाम्याचं पत्र काढलं आणि सासूबाईंसमोर ठेवलं. “आई, हे एकदा तपासता?”

सासूबाईंनी पत्र उजेडात धरलं, दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली. मग दोरा घेतला, कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि एक चिठ्ठी बांधून पत्र परत दिलं.

सुनेने या वेळी चिठ्ठी वाचली. त्यावर तारीख होती, सही होती आणि वर एकच शब्द होता.

‘पास.’

“पण आई, पास झालेल्याला तुम्ही चिठ्ठी बांधत नाही ना?”

“सही राहिली आहे तुझी,” सासूबाई पेन पुढे करत म्हणाल्या, “ती कर, नाहीतर चिठ्ठी काढून घेईन.”