रामवाडी नाक्यावरचा फोटो

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या बायकोइतकं गायलेलं दुसरं माणूस दाखवा, अर्धी मिशी काढून देतो! आणि माझी मिशी काही ऐरीगैरी नाही. धाटावच्या कंपनीत ती बघून नवीन पोरं मला साहेब समजतात.

नम्रता मोकल. नाव ऐकलं नसेल, पण आवाज ऐकलाय, पैज! कासूच्या बाजूला कुणाच्या हळदीत नाचला असाल, तर हिच्याच गाण्यावर नाचलात. साखरचौथीच्या गणपतीपुढे आरती हिची, दहाव्याला भजन हिचं, उरुसात कव्वाली हिची, कंपनीच्या फंक्शनला हिंदी गाणी हिची आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पुढाऱ्याचं गाणंही हिचंच. माझ्याशी आगरीत भांडता भांडता फोन आला, की अशी नितळ हिंदी सुरू करते की मलाच वाटतं, ही कोण परकी बाई आपल्या ओट्याशी उभी आहे! गळा आईकडून आला. आई, म्हणजे माझी सासू बायजाबाई, खाडीकाठची. जन्म मिठागरात गेला आणि लग्नसराईत धवले, म्हणजे आमची लग्नातली गाणी, म्हणण्यात. उर्दूचे उच्चार नम्रताने रोह्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे जाऊन घासून घेतले.

एवढं गाऊन बाईला मिळालं काय? बसलेला घसा! तिचं गाणं आजवर कुणी ऐकलंच नाही हो. लोक त्यावर नाचले, जेवले, मटणाच्या पंक्तीत भांडले.

"दहाव्याला निदान बसतात तरी," ती म्हणायची. "पण तिथं सगळ्यांचं लक्ष कावळ्याकडं!"

तिची इच्छा एकच. आपण एकदा बसून गायचं आणि लोकांनीही बसून ऐकायचं. शिट्टी नाय, नाच नाय. हिंदी गझलांना तिनं स्वतः चाली लावल्या होत्या. इतकी वर्षं त्या फक्त आमच्या कुकरनं ऐकल्या, आणि तोही मध्येच शिट्टी मारायचा!

शेवटी मी म्हटलं, "ठेवू मैफल! रोह्यात हॉल घेतो. जाहिरात माझ्यावर सोड."

सोडली बिचारीनं.

आमच्याकडच्या बॅनरबद्दल तुम्हाला काय सांगायचं! पोराचा वाढदिवस, बैलाचा वाढदिवस, कुणाची कसल्या तरी समितीवर निवड, की लागलाच नाक्यावर बॅनर. वर गॉगलवाला एक चेहरा, गळ्यात साखळदंड, खाली शुभेच्छुकांची मुंडकी कोथिंबिरीच्या जुडीसारखी दाटीवाटीनं. माझ्या बायकोला असल्या बाजारात उभं करायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. गझल म्हणजे काय चेष्टा आहे?

पेणेत जितेशचं बॅनर छापायचं दुकान आहे. त्याला सांगितलं, "फोटो एकच. काळापांढरा. पांढरी साडी, डोळे मिटलेले. बाजूला समई टाक, मागं ढगबिग. बघताक्षणी शांत वाटलं पाहिजे."

"खाली शुभेच्छुक कोण कोण?"

"कुणी नाही."

"कोनीच नाय? दादा, एक तरी मुंडकं टाका. उघडा वाटेल."

"उघडाच पाहिजे! अभिरुची म्हणतात त्याला!"

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्यानं कॉम्प्युटरमधून तयार डिझाइनच काढलं. ढग तयार, समई तयार, खाली कमळसुद्धा तयार! मी खूश. असलं डिझाइन हा माणूस कशासाठी तयार ठेवतो, एवढं विचारायला माझी जीभ झडली होती का? पण मी फोटोच्या प्रेमात होतो. काय फोटो आला होता! मधोमध मोठ्या अक्षरात नाव. तळाला बारीक, नाजूक अक्षरात: 'गझल मैफल, रविवार, सायंकाळी पाच, रोहा. आपली उपस्थिती प्रार्थनीय.' बारीक का, तर मोठी अक्षरं भाजीवाल्याच्या पाटीवर शोभतात, असं माझं मत!

एक बॅनर रोह्याला हॉलसमोर आणि एक पेणेत रामवाडीच्या नाक्यावर, चांगला उंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला धाटावला पोचलो, तर गेटवरच्या वॉचमननं टोपी काढली! एरवी हा माणूस माझ्या डब्यातली भाकरी उलटून बघतो. मी मनात म्हटलं, बॅनर लागू पडला. एवढ्यात आमचे सुपरवायझर सुशीलसाहेब धावत आले.

"मोकल, तुम्ही आज कामावर?"

"मग काय साहेब! रविवारपर्यंत घरी बसून काय करू?"

"रविवारी ठेवलंय? इतक्या उशिरा?"

"त्याआधी हॉल मिळत नव्हता."

"बरं... त्यांची स्वतःची काही इच्छा होती का?"

"एकच. लोकांनी गप बसावं. नाचू नये."

"नाही हो, नाचेल कोण!" साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "मोकल, तुम्ही फार खंबीर आहात. जा घरी. भरपगारी रजा!"

भरपगारी! ताप आला तर थर्मामीटर तोंडात ठेवून यायला सांगणारी आमची कंपनी! मी तरंगतच घरी आलो. म्हटलं, बघा, कलेची कदर असते लोकांना. आपणच उगाच शिव्या घालतो.

घरी नम्रता बोंबील तळत होती. मी हातपाय धुतोय तोवर दारात टेम्पो थांबला. आतून माझी सासू आणि तिच्यामागं गावातल्या बायका, सगळ्या छाती बडवत!

"गो माजे बायो! मना न भेटता गेलीस गो!"

मी पुढं झालो. "अहो आई, काय झालं?"

"तुजा मुडदा बशिवला! माजी पोर खाल्लीस!" सासूनं चप्पल काढून माझ्यावर सुरुवात केली. आवाज ऐकून नम्रता झारा घेऊन बाहेर आली.

"आये, काय झायला?"

बायजाबाईनं तिच्याकडं बघितलं. डोळे विस्फारून बघितलं, गालाला हात लावून बघितलं, आणि मग त्याच गालावर सणसणीत ठेवून दिली!

"जिती हायस तं फोन नाय करवत तुना?"

मग एका बाईनं मोबाइल पुढं केला. रामवाडीच्या नाक्यावरचा माझा बॅनर! कुणीतरी कंपनीच्या चालत्या बसमधून काढलेला फोटो. चेहरा स्पष्ट, नाव स्पष्ट, समई स्पष्ट, आणि तळाची माझी अभिरुची अशी पुसट की भिंगानंही दिसू नये. खाली त्या दीडशहाण्यानं लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' पेण, रोहा, नागोठणे, सगळ्या ग्रुपवर फिरून झालं होतं.

आणि मलाही तेव्हाच दिसलं हो. आमच्याकडं गॉगल नाही, साखळी नाही, खाली मुंडकी नाहीत, एकटाच चेहरा आणि समई, असा बॅनर फक्त एकाच माणसाचा लागतो!

मी तिथल्या तिथं सगळ्या ग्रुपवर लिहिलं, 'नम्रता जिवंत आहे!'

लगेच उत्तरं. 'आपल्या सर्वांच्या हृदयात!' 'खरं आहे दादा, कलाकार कधी मरत नाही.' एकानं तर लिहिलं, 'वहिनींच्या मागे स्वतःला सांभाळा, डोक्यावर परिणाम होऊ देऊ नका.'

"दोन्ही बॅनर आत्ता उतरवतो," मी म्हटलं.

"राहू दे," नम्रता म्हणाली. माझा मोबाइल घेऊन ती ओट्यावर बसली आणि एकेक वाचत सुटली. "हा बघा. माझा आवाज दैवी होता म्हणतोय. गेल्या लग्नात यानंच माझा माईक बंद केला. पंगत बसली, आता पुरे, म्हणाला."

बोंबील जळाल्याचा वास आला, पण उठायची कुणाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी तिनं हैबतरावांना फोन लावला. रोह्याची बडी असामी. त्यांच्या मुलाची हळद तिच्याकडे होती, आणि हैबतरावांच्या हळदीत जी गाते तिला पुढचं सगळं वर्ष हळदी पुरतात.

"हैबतराव, मी नम्रता. मी आहे."

पलीकडं फोन हातातून पडल्याचा आवाज. मग, "आहात? वा! देव पावला! पण ताई, मी करिश्माला सांगून टाकलं."

करिश्मा म्हणजे नवीन पोरगी. लॅपटॉपवर ट्रॅक लावते आणि ओठ हलवते.

"मग तिला नको म्हणून सांगा. मी जिती हाय ना!"

"ते खरं हो. पण शुभकार्य पडलं. घरातल्या बायका म्हणतात, जिच्या फोटोला लोकांनी हात जोडले, ती हळदीत कशी चालेल? तुम्ही समजून घ्या."

दुसऱ्या दिवशी आणखी फोन. सगळ्यांचा सूर तोच. आधी आनंद, मग अडचण, मग 'समजून घ्या.' सगळी लग्नसराई हातची गेली! माझ्या एका फोटोनं!

"जिती असली तर चालते," नम्रता म्हणाली. "मेली असती तरी चालली असती. मरून जिती झालेली तेवढी चालत नाय." मग बाजाची पेटी पुढं ओढून म्हणाली, "आता रविवार उरला. तो मी सोडनार नाय. चार माणसं आली तरी गाईन."

रविवारी हॉलवर पोचलो, बघतो तर काय! हॉल गच्च! पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या, भिंतीला टेकून उभी माणसं. समोरच्या बॅनरला कुणी तरी भलामोठा हार घातलेला. पुढच्या रांगेत रविवारची बातमी कंपनीभर करून आलेले सुशीलसाहेब, त्यांच्या शेजारी काळा चष्मा लावून हैबतराव! फोनवर तिच्याशी बोललेला माणूस इथं कशाला, म्हणाल, तर गावात मयत झालं की चेहरा दाखवावा लागतो. मयत झालं की नाही, ते नंतर.

मी पडद्यामागं धावलो. "नम्रता, घात झाला! सगळे तुझ्या शोकसभेला आलेत! मी माईकवर जाऊन सांगतो."

"बसलेत?"

"काय?"

"लोक बसलेत का?"

"बसलेत. हूं नाही की चूं नाही."

"मग जा. तुम्ही पण बसा."

आमचं ठरलं असं होतं, की ती पडद्याआड आलाप घेणार आणि आलाप संपता संपता विलासनं दोर ओढून पडदा उघडायचा. विलास आमचा ढोलकीवाला. गझलेत त्याला काम नव्हतं, म्हणून दोरावर बसवला.

आलाप सुरू झाला. आलाप संपला. पडदा जागचा हलला नाही! गझल सुरू झाली, तरी पडदा बंद. मी मनात विलासला शिव्या मोजतोय, दोर अडकवला वाटतं गाढवानं! आणि हॉलमध्ये? काय सांगू तुम्हाला. टाचणी पडली असती तरी लोक तिच्यावर ओरडले असते. एकेक शेर असा सावकाश येत होता, आणि माणसं माना खाली घालून ऐकत होती. ज्यांनी आयुष्यात तिच्यापुढं फक्त ढुंगण हलवलं, ती माणसं!

हैबतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "रेकॉर्डिंग काय सुरेख केलंय हो मोकल. बाई गेली, पण आवाज ठेवून गेली."

"अहो, तुम्ही तिच्याशी फोनवर..."

"श्श! ऐकू द्या!"

मग तिनं आईचा धवला घेतला. नवरी सासरी निघतानाचा. बिनढोलाचा, एकटा, हळू. हळदीच्या गोंगाटात मी तो शंभरदा ऐकला असेन, पण त्यात शब्द आहेत हे मला त्या दिवशी कळलं. शेजारी बायजाबाई पदरात तोंड घालून रडत होती. पोर जिवंत आहे हे ठाऊक असून! खोटं कशाला बोलू, मीही रडलो. क्षणभर मलाच वाटलं, ही खरंच गेली की काय!

धवला संपला आणि पडदा सर्रकन उघडला. मधोमध पांढऱ्या साडीत नम्रता. दोन्ही बाजूंना समया!

एक बाई किंचाळून आडवी झाली. सुशीलसाहेब चक्क खुर्चीवर चढले. मग हैबतराव ओरडले, "अरे जिती हाय! बाई जिती हाय!" टाळ्या, शिट्ट्या, कोण कुणाला मिठ्या मारतंय! नम्रतानं सगळ्यांना नमस्कार केला, आणि पुढच्या गझलेसाठी पेटीवर बोटं ठेवली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, आता हलद होऊन जाऊ दे!"

झालं! खुर्च्या भिंतीला गेल्या. आणि त्या विलास हरामखोरानं ढोलकी बरोबर आणलीच होती! सवय दुसरं काय. हैबतराव डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांच्या पुढं. तेच हैबतराव, ज्यांच्या घरात ती अशुभ होती! मी "बसा! अहो बसा ना!" म्हणून बोंबललो. सुशीलसाहेबांनी मला खेचून नाचायलाच घेतलं.

नम्रतानं माझ्याकडं एकदा बघितलं. पेटी बंद केली, उभी राहिली, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि गायली.

मोटरसायकलवरून परत निघालो. नागोठण्याला ती मागून म्हणाली, "विलासला ओरडू नका."

"ओरडू नको? दोर अडकवला त्यानं!"

"दोर नाय अडकला. मीच सांगितला व्हता त्याला, मी हूं म्हनल्याबिगर पडदा उघडायचा नाय."

माझा हात ब्रेकवर गेला. मागून ती शांतपणे म्हणाली, "आणि हैबतरावांना सांगून ठेवा. आता मी खरी मेले, तरी त्यांना यायला नको. येऊन गेले ते."

मला सुचलं ते मी बोललो.

"फोटो मात्र झकास आला होता गो."

पेण आलं. रामवाडीच्या नाक्यावर बॅनर होता तिथंच होता, आणि त्यालाही आता कुणी तरी हार घातला होता.