मालकांना आलेले स्थळ

आमच्या जोडीदार-शोध संकेतस्थळाने आजवर सर्वाधिक गुण दिलेली जोडी म्हणजे आमचे मालक आणि त्यांच्यावर दावा ठोकणारा दंतवैद्य. शंभरपैकी सत्त्याण्णव.

हा दंतवैद्य माझा मेहुणा. त्याला नवरा हवा होता. आमच्याकडे पुरुषाला फक्त वधू दाखवल्या जातात. त्याने विनंती केली, मालकांनी धुडकावली, तो ग्राहक न्यायालयात गेला. तेथे मालक छाती फुगवून म्हणाले, "आमचं गणित शास्त्रीय आहे. दोन पुरुषांना ते लागूच पडत नाही!"

"मग सिद्ध करा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

गणित मालकांनी तयार विकत आणले होते; मी त्याची देखभाल करणारा पदार्थविज्ञानाचा पदवीधर. त्यामुळे घोंगडे माझ्या गळ्यात पडले. घरी पत्नी म्हणाली, "माझ्या भावाला जोडीदार नाही, तर तुम्हाला जेवण नाही!" हे विधान मी पडताळून पाहिले. खरे निघाले.

मी मात्र निर्धास्त होतो. मालकांना म्हणालो, "एक प्रयोग पुरेसा आहे. चहापर्यंत उत्तर देतो."

"उत्तर काय यायचंय? दोन पुरुष घाला, यंत्र शून्य देईल!"

"कोणते दोन?"

"एक तो दातवाला आणि दुसरा मी! माझ्याहून अस्सल पुरुष कुठे मिळणार तुम्हाला?"

मालकांनी नोंदणीच्या सर्व प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली. संकेतस्थळाला नोंदणीची दारे दोन, एक पुरुषांचे, एक वधूंचे. दोघेही पुरुषांच्या दारातून आत गेले, तर एकमेकांना दिसणार नाहीत. म्हणून मालकांना मी वधूंच्या दारातून आत सोडले. यंत्राने क्षणभर विचार केला, सत्त्याण्णव गुण दिले आणि नव्वदीपुढच्या जोडीसाठी करते तेच केले. म्हणजे उपाहारगृहात टेबल राखून ठेवले आणि दोन्ही घरी अभिनंदनाचा संदेश धाडला.

मालकांचा फोन खणखणला. पलीकडे मालकीणबाई.

"अहो, तुमचं जमलं म्हणे! मला कळवायचं तरी!"

"अगं, तो प्रयोग आहे!"

"करतो काय हा प्रयोग?"

"दंतवैद्य आहे."

"बरं झालं. माझी दाढ केव्हापासून ठणकतेय."

भेट तोंडावर सांगून रद्द करण्यासाठी मालक मला साक्षीदार म्हणून घेऊन उपाहारगृहात थडकले. आम्ही वेळेआधी पोहोचलो. मेहुणा आमच्याही आधी.

"ही भेट रद्द!" मालक गरजले.

"बसा तरी. भावजी, तुम्हीही बसा. फक्त पंख्याखाली नको, माझी मान धरते."

"तुमचीही?" मालक बसले.

मानेवरून गाडी गुडघ्यावर गेली, गुडघ्यावरून शेजाऱ्याच्या कुत्र्यावर, कुत्र्यावरून टूथपेस्टच्या झाकणावर.

"झाकण न लावणारी माणसं समाजाला घातक असतात!" मेहुणा म्हणाला.

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" मालकांनी खुर्ची पुढे ओढली.

इतक्यात मालकीणबाई स्थळ बघायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं बोलले नाहीत हो! घेऊन जा यांना. फक्त परत आणू नका."

"माफ करा, ताई," मेहुणा नम्रपणे म्हणाला, "मला हे पसंत नाहीत."

मालक ताडकन उठले. "नापसंत? मी? अहो, सत्त्याण्णव गुण आहेत आपले! आमचं गणित कधी चुकत नाही!"

हे वाक्य मी न्यायालयात जसेच्या तसे सांगितले. न्यायाधीशबाईंनी मालकांना विचारले, "असं म्हणालात?"

मालक अजून दुखावलेलेच होते. "म्हणालो! आणि पुन्हा म्हणतो!"

"मग यांना आत घ्या."

मेहुण्याला आत घेतले. सध्या तो एका संगीतशिक्षकाबरोबर फिरतो. गुण एकाहत्तर, झाकणावरून रोज भांडतात आणि दोघेही बेहद्द खूश आहेत. मला जेवण मिळू लागले.

पोट भरल्यावर मी ते गणित उघडून पाहिले. त्यात स्त्री-पुरुषांचा उल्लेखच नाही. ते फक्त सवयी मोजते, आणि मालकांच्या व मेहुण्याच्या सवयी सारख्या आहेत. स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक आहे तो केवळ प्रवेशाच्या दोन दारांना. ती दारे मालकांनी नंतर बसवून घेतली होती, कारण पानावर निळा आणि गुलाबी हे रंग शेजारीशेजारी छान दिसतात, असे त्यांना वाटले होते.